कापड थोरल्याला, अस्तर धाकट्याला

वहिनींचा फोन आला तेव्हा बारक्या एका सरकारी इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मोटरच्या खोलीत, मोटरला कान लावून बसला होता. आता बारक्या म्हटल्यावर कुणी पंचविशीचा पोरगा डोळ्यांसमोर आणू नका. बारक्या सहासष्ट वर्षांचा होता, त्याला दोन नातवंडं होती, आणि हे नाव थोरल्या भावाने ठेवलेलं असल्यामुळे ते पुसायची कुणाची हिंमत झाली नव्हती. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी कंपनी त्याला अधूनमधून बोलवायची. मोटर नुसती ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगणारा दुसरा माणूस त्यांना अजून सापडला नव्हता.

"भाऊजी, आम्ही गुरुवारी चाललो," वहिनी म्हणाल्या. "लेकीकडे. कायमचे."

"कळलं मला," बारक्या म्हणाला. बायकोकडून सगळं कानावर आलं होतं. थोरल्याचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी जिने चढायची बंदी केली होती, आणि थोरला राहायचा तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. लेकीचं घर तळमजल्यावर होतं, पण रेल्वेने पुरे अकरा तास लांब.

"सामान आवरतेय. तुमच्या त्या रेकॉर्डचे पुठ्ठे आहेत ना, ते तिकडे कुठे नेत बसू? रद्दीवाला उद्या येतोय. तुम्हाला हवे असतील तर आजच या. यांना मी काही विचारलेलं नाही."

बारक्याने फोन ठेवला. पुठ्ठे! रद्दीत! बाराच्या बारा! त्याने मोटरचं झाकण कसंबसं बसवलं, खाली येऊन वॉचमनला "उद्या बघू" म्हणाला आणि घर गाठलं.

इथे जरा मागे जायला हवं, नाहीतर पुठ्ठ्यांसाठी सहासष्ट वर्षांचा माणूस असा का धावतो ते कळायचं नाही.

बारक्याचे वडील शिंपी होते. पुढे दुकान, मागे घर. थोरला शाळा सोडून पाट्या रंगवायला लागला होता आणि बारक्या त्याची शिडी धरायचा. गावात रेकॉर्ड विकणारा एकच दुकानदार होता, आणि तो महाकंजूष. रंगवलेल्या पाटीचे पैसे मागितले की त्याचं तोंड एवढंसं व्हायचं. शेवटी थोरल्यानेच तोड काढली. पैसे नकोत, रेकॉर्ड द्या. दुकानदाराला तर हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. त्याच्याकडे परदेशी वाद्यवृंदांच्या काही रेकॉर्ड धूळ खात पडल्या होत्या, गिटारी आणि ड्रमच्या, ज्यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं. त्याने त्या या दोघांच्या गळ्यात मारल्या. चार वर्षांत बारा झाल्या. एक जुना रेकॉर्ड प्लेअरसुद्धा आला, ज्याचं झाकण दोरीने बांधावं लागायचं.

नावं त्यांना वाचता यायची, पण त्या नावांनी ते कधी बोललेच नाहीत. रेकॉर्ड ज्या पुठ्ठ्याच्या पाकिटात यायची, त्यावरच्या चित्रांवरून त्यांनी बारसं केलं होतं. तळ्यात उलटं पडलेलं घर होतं ती 'उलटं घर'. आभाळात दोन चंद्र होते ती 'दोन चंद्र'. एका म्हाताऱ्या बाईने कानाला टेलिफोन लावलाय आणि त्याची वायर हवेत तुटलीय ती 'फोनवाली'. एकीवर नुसता बूट होता. तिला ते आदराने 'बूट' म्हणायचे.

रविवारी दुपारी दुकान बंद असायचं. कापड बेतायच्या मोठ्या टेबलावर प्लेअर ठेवायचा, थोरल्याने पुठ्ठा हातात घेऊन खुर्चीवर बसायचं आणि बारक्याने टेबलाखाली, स्पीकरला डोकं टेकून आडवं व्हायचं. रेकॉर्ड संपेपर्यंत थोरला पुठ्ठ्यावरून नजर काढत नसे. पुढून बघायचा, मागून बघायचा, नाकाशी धरायचा. बारक्या डोळे मिटून घ्यायचा. 'उलटं घर'ची सुरुवात आठवली तरी आजही त्याच्या अंगावर काटा यायचा. आधी नुसती बोटं तारांवरून सरकल्याचा आवाज, मग गिटारचा एकच सूर, लांबच लांब, संपतो की काय असं वाटेपर्यंत खेचलेला, आणि मग ड्रम असा कोसळायचा की टेबलावरची कात्री खुळखुळायची. 'फोनवाली'ची अख्खी एक बाजू म्हणजे एकच गाणं होतं, अठरा मिनिटांचं. ते गाणारा माणूस मधे असा काही किंचाळायचा की वडील आतून ओरडायचे, "अरे, त्याच्या पोटात दुखतंय, त्याला कुणीतरी ओवा द्या!"

पण एकदा काय झालं, लग्नसराईच्या गर्दीमुळे वडील रविवारीही मशीनवर बसले होते. 'बूट' लावली होती. बारक्याला टेबलाखालून वडिलांचे पाय दिसत होते, आणि ते पाय चक्क ड्रमच्या ठेक्यात मशीनचं पायडल मारत होते. त्याने थोरल्याची पोटरी ओढून दाखवलं. दोघांनी तोंडावर हात दाबून धरले. वडिलांना शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही, नाहीतर त्यांनी ठेका बदलला असता. ती दुपार बारक्याने पुढे आयुष्यभर जपली. तेवढा आनंद त्याला नोकरी लागली तेव्हासुद्धा झाला नव्हता.

मग दोघांची लग्नं झाली, घर पुरेना, आणि वाटणीची वेळ आली. भांडी, कपाटं, मशीनी, सगळं अगदी गोडीगुलाबीने झालं. शेजारी म्हणाले, भाऊ असावेत तर असे. आणि मग रेकॉर्ड निघाल्या.

सहा-सहा घ्या, असं वडील म्हणाले. साधी गोष्ट. पण 'उलटं घर' दोघांनाही हवी होती, आणि ती नसेल तर उरलेल्या अकरा घेऊन काय करायचं असं दोघांचंही म्हणणं. दोन दिवस तोंडातोंडी चालली. दोन्ही सुना लाजेने अर्ध्या झाल्या. तिसऱ्या दिवशी वडील गळ्यात टेप अडकवून उठले, एकेक रेकॉर्ड पुठ्ठ्यातून बाहेर काढली आणि टेबलावर दोन गठ्ठे केले.

"कापड थोरल्याला, अस्तर धाकट्याला," ते म्हणाले. "झाली वाटणी. आता बसा बोंबलत."

दोघांपैकी एकाने जरी "बाबा, हे काय खूळ?" असं म्हटलं असतं तरी विषय तिथे संपला असता. पण दोघेही एकाच मातीचे! थोरल्याने पुठ्ठे उचलले, बारक्याने रेकॉर्ड उचलल्या. आणि दारातून बाहेर पडताना बारक्याच्या तोंडून गेलं, "गाणी माझ्याकडे आली. तू पुठ्ठे चाटत बस."

त्याला एकतीस वर्षं झाली. त्यानंतर थोरला त्याच्याशी बोललाच नाही. लग्नाकार्यात दोघे एकमेकांना पाठ करून जेवले. वडील गेले तेव्हा खांद्याला खांदा लावून उभे राहिले, पण अक्षर बोलले नाहीत. निरोप बायकांमार्फत जात. बारक्याला ते वाक्य किती वेळा परत घ्यावंसं वाटलं, त्याची गणती नाही. पण परत घ्यायला समोर जावं लागतं, आणि तिथेच घोडं अडायचं.

"नुसता पुठ्ठ्यांसाठी चाललायस?" बारक्याच्या बायकोने कापडी पिशवी देताना विचारलं.

"मग काय? रद्दीत जाऊ देऊ?"

"मी नको म्हणाले का? जा बाबा. पण भावाचं तोंडही बघून ये. गुरुवारनंतर दिसायचं नाही." ती उगाच कठोर बोलणारी बाई नव्हती. बारक्या चपला घालून निघाला.

तिसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचता पोहोचता त्याच्या गुडघ्यांनी बोलायला सुरुवात केली होती. दार उघडंच होतं. आत खोकी, सुतळ्या, गुंडाळलेल्या गाद्या, आणि या सगळ्या पसाऱ्याच्या मधोमध खुर्चीवर थोरला. बारक्या उंबऱ्यातच थबकला. भाऊ निम्मा झाला होता. शर्ट खुंटीवर अडकवल्यासारखा खांद्यांवर लटकत होता.

थोरल्याने त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या धापेकडे पाहिलं.

"जन्मभर लोकांच्या इमारतीत लिफ्टा बसवल्या," तो म्हणाला, "आणि सख्ख्या भावाला तीन जिने."

एकतीस वर्षांनंतरचं पहिलं वाक्य हे! बारक्याला हसावं की रडावं कळेना. "तुझ्या घरमालकाला सांग की," तो म्हणाला. "मी काय खिशातून लिफ्ट काढू?"

"पिशवी कशाला आणलीस?"

"पुठ्ठे न्यायला. रद्दीत चाललेत ना."

"कोण म्हणतं?" थोरला खुर्चीतून अर्धा उठला. "माझे पुठ्ठे रद्दीत? अगं ए!"

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातातल्या कपाला त्या शांतपणे वर्तमानपत्र गुंडाळत होत्या.

"मी म्हणते," त्या म्हणाल्या. "रद्दीवाला बिद्दीवाला कुणी येत नाही. पण तसं सांगितलं नसतं तर भाऊजी आले असते का? आणि यांना विचारलं असतं तर यांनी येऊ दिलं असतं का? एकतीस वर्षं दोघांची तोंडं बघितली, पुरे झालं. चहा टाकते."

आणि त्या आत गेल्या. मागे दोन म्हातारे एकमेकांकडे बघत राहिले, मास्तरांनी एकाच बाकावर उभं केलेल्या पोरांसारखे.

"लबाड आहे," थोरला पुटपुटला. मग त्याने पलंगाकडे बोट दाखवलं. "आण ते. चादरीतलं."

बारक्याने चादरीची गाठ सोडली. वरच 'उलटं घर' होतं. निळा रंग जसाच्या तसा. कोपरे ताठ, एक सुरकुती नाही. पण पुठ्ठा हाताला जड लागला. त्याने आत बोटं घातली तर आत जाड पुठ्ठ्याची एक गोल चकती होती, रेकॉर्डच्याच मापाची, कडेने सुबक कापलेली.

"हे काय?"

"रिकामे ठेवले असते तर चेपले असते. बाराही कापल्या." थोरल्याने खांदे उडवले. "तू काय केलंस तुझ्यांचं?"

"बायकोने मांजरपाटाच्या पिशव्या शिवल्यात."

"बरं केलं."

बारक्या एकेक पुठ्ठा उलटून मागची बाजू वाचू लागला. कुणी कुठलं वाद्य वाजवलंय, कुठल्या वर्षी, किती मिनिटांचं गाणं. इतकी वर्षं तो हे सगळं आठवून आठवून रेटत होता आणि निम्मं चुकीचं आठवत होता. मग 'दोन चंद्र' हातात आली आणि तो थांबला. तिच्यावरची अक्षरं पोटाशी फुगलेली होती, खाली शेपट्यांसारखी वळलेली. ही अक्षरं त्याने रोज पाहिली होती. कुठे पाहिली होती?

"लाँड्री," थोरला म्हणाला. तो बारक्याचा चेहराच वाचत होता. "तुझ्या गल्लीच्या तोंडाची. पाटी बघ जाऊन. अक्षरांची वळणं तीच. औषधाचं दुकान म्हणजे 'बूट'. सायकलवाला म्हणजे 'फोनवाली', फक्त रंग पिवळा घेतला, कारण निळा संपला होता. गावातल्या निम्म्या पाट्या या बारा पुठ्ठ्यांतून निघाल्यात. मला शिकवायला कोण होतं? हीच माझी शाळा." तो दमला, थांबला, आणि मग हळूच म्हणाला, "पुठ्ठे चाट म्हणाला होतास. चाटले बघ. लेकीचं शिक्षण झालं त्यावर."

बारक्याचा चेहरा पडला. त्या लाँड्रीत तो वीस वर्षं कपडे देत होता. "दादा," तो म्हणाला, "ते मी बोलायला नको होतं. त्याच संध्याकाळी कळलं होतं मला. चुकलं माझं."

"चुकलंच. पण मीही काही साधूसंत नव्हे. पुठ्ठे मी मागून घेतले होते बाबांकडून."

"म्हणजे?"

"आदल्या रात्री. म्हटलं, रेकॉर्ड द्या त्याला, पण पुठ्ठे मला द्या. त्याला ऐकताना सुख लागता कामा नये." थोरल्याने नजर वळवली. "बाबा म्हणाले, तुला पश्चात्ताप होईल. मी म्हटलं, होऊ दे."

एवढ्यात चहा आला. चहा पिता पिता बारक्याने विचारलं, "पण आता तर फोनवर सगळं ऐकायला मिळतं. ऐकत होतास ना?"

"लेकीने लावून दिलं होतं एकदा. पहिला सूर आला आणि मी बंद करायला लावलं. तू टेबलाखाली नाहीस तर ते काय ऐकायचं?" असं म्हणून तो एकदम चिडला, कारण इतकं खरं बोलायची त्याला सवय नव्हती. "तू तरी ऐकल्यास का? की मुद्दाम रोज लावत होतास?"

"लावत होतो. पण पुठ्ठा नसला की हात कुठे ठेवावे कळायचं नाही. बायकोने फोनवर चित्रं शोधून दिली होती, तिकिटाएवढी. ती बघणं मी बंद केलं."

थोरल्याने 'उलटं घर'चा पुठ्ठा मांडीवर घेतला, नेहमीसारखा, दोन्ही हातांनी. "म्हण," तो म्हणाला.

"काय म्हण?"

"पहिली बाजू. रेकॉर्ड आणली नाहीस ना? मग तोंडाने म्हण. तुला सगळं पाठ आहे."

बारक्याने स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली, घसा खाकरला, आणि सुरुवात केली. आधी बोटं सरकल्याचा आवाज. मग नाकातून, मान वाकडी करून, गिटारचा तो लांबच लांब सूर. तो सूर फाटका येत होता, मधे खोकला आला, पण बारक्याने सोडला नाही. आणि नेमक्या जागी थोरल्याने शेजारच्या खोक्यावर दोन्ही तळहात आपटले. आत कपबशा खडखडल्या.

"अहो! डॉक्टरांनी काय सांगितलंय?" आतून आवाज आला.

"दोन बोटांनी वाजवतोय गं!" थोरला ओरडला आणि खरंच दोन बोटांवर आला.

दुसऱ्या गाण्यात भांडण झालं. बारक्या म्हणे, गिटार थांबल्यावर चार ठोके रिकामे जातात. थोरला म्हणे, दोनच. बारक्या म्हणे, मी गेल्या महिन्यात ऐकलंय. थोरला म्हणे, तू झोपेत ऐकलं असशील. दोघांनी तेवढा तुकडा पाच वेळा म्हटला. सामान बांधायला आलेले दोन हमाल दारात उभे राहून ऐकत होते. त्यातला एक दुसऱ्याला हळूच म्हणाला, "काका लोकांचं काय चाललंय?" पण थोरल्याच्या गालांवर रंग आला होता, आणि वहिनी आता ओरडत नव्हत्या. त्या दाराला टेकून, पदराने डोळे पुसत, हसत होत्या.

पहिली बाजू संपली. थोरला मागे टेकला. त्याचा श्वास लागला होता. श्वास खाली बसेपर्यंत बारक्या त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. भावाची हाडं हाताला लागत होती.

"ने," थोरला शेवटी म्हणाला. "सगळे ने. चकत्या काढून टाक आणि तुझ्या रेकॉर्ड घाल आत. मला तिकडे काय करायचेत?"

ज्यासाठी बारक्या धावत आला होता ते हेच होतं. एकतीस वर्षं तो हे वाक्य मनात म्हणून बघत होता. त्याने बाराही पुठ्ठे गोळा केले, क्रमाने लावले, चादरीत ठेवले आणि चादरीची गाठ मारली. मग ते गाठोडं उचलून त्याने थोरल्याच्या सामानात, कपड्यांच्या बॅगेवर, नेऊन ठेवलं.

"हे तुझ्याबरोबर जाणार," तो म्हणाला. "मी रेकॉर्ड घेऊन तिकडे येईन. महिन्याला एक. बारा आहेत, वर्षभर येणं-जाणं राहील."

थोरल्याने त्या गाठोड्याकडे पाहिलं.

"बारक्या," तो म्हणाला, "वर्षाचं कबूल केलेलं नाही मला डॉक्टरांनी."

हमालांनी खोकं उचललं, बाहेर नेलं. बारक्याने बाजूला होऊन त्यांना वाट दिली.

"मग या रविवारी येतो," तो म्हणाला. "बाराच्या बारा आणतो. प्लेअरसकट."

"अकरा तास? एवढं ओझं?"

"मांडीवर घेऊन बसेन."

थोरल्याने त्याचा हात धरला. लहानपणी शिडीवरून उतरताना धरायचा तसा नव्हे, चांगला घट्ट, दुखेल इतका. बारक्या रिकामी पिशवी काखेत मारून उठला आणि दाराकडे वळला, तेव्हा मागून आवाज आला.

"जिना नीट उतर. कठड्याला धरून. तुला यायचंय."